पिठाच्या पिशवीतली शाळा

शेंडगेवस्तीवर घोडी लादायला सुरुवात झाली होती. धोंडुबाईनं घोड्याच्या बरगडीला पाय लावून दोर ओढला, गाठ मारली आणि भांड्यांचं ओझं एकदा हलवून बघितलं. घोडं कान मागं टाकून उभं होतं. दिवाळी सरली होती. विहिरीत बादली खरवडायला लागली होती, आणि माण तालुक्यातली मेंढरं पश्चिमेला निघायची वेळ झाली होती.

वस्तीवरच्या शाळेच्या विजयमालाबाईंची स्कूटी धुरळा उडवत दारात आली तेव्हा अर्जुना शेंडगे एका मेंढीला आडवी पाडून तिच्या खुरातला काटा काढत होता.

"आवं बाई, सुट्टीत कशापायी आलाय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"राणीसाठी आले."

"राणी चालली की आमच्यासंगं."

"माहितीये. म्हणूनच आले."

राणी कोंबड्यांच्या डालीजवळ बसली होती. ती चौथीत होती. डालीतून बाहेर आलेला कोंबड्याचा पाय ती पुनःपुन्हा आत ढकलत होती आणि कान इकडे होते.

अर्जुनानं मेंढी सोडली. ती झटकून पळाली. "बाई, राग मानू नगा. दरसाल दिवाळीला जातो, पावसाळ्याच्या तोंडाला येतो. मधलं समदं जातंय पोरीचं. चौथीत गेली तरी धड वाचता येत न्हाई. थोरलीचं बी आसंच झालं. आता फुडल्या साली शाळा बंद, कोकरं कायमची राणीच्या हवाली करायची. आमच्यात पोर एवढी झाली की कोकरं तिचीच."

"आणि परीक्षेत वाचून दाखवलं तर?"

"कुणी, हिनं?" अर्जुना हसला. मग बायकोकडं बघून थांबला, कारण धोंडुबाई हसत नव्हती. "वाचून दाखवू दे. परक्या मास्तरफुडं, न अडखळता. मग पाचवीला घालतो. बिरोबाची आण."

"शब्द दिलाय तुमी," धोंडुबाई म्हणाली आणि दुसरा दोर ओढला.

विजयमालाबाईंनी अर्जुनाचा मोठा फोन मागून घेतला, स्वतःचा नंबर त्यात घातला. रोज अकराला धडा येईल, राणीला ऐकवा, ऐकला की कळवा, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. अर्जुनानं फोन बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून बघितला.

बाईंना हे सगळं सुचलं होतं ते उन्हाळ्यातल्या साताऱ्याच्या प्रशिक्षणात. विषय होता दूरशिक्षण. तालुक्यातून कुणीच जायला तयार नव्हतं, म्हणून केंद्रप्रमुख नानासो यांनी एकशिक्षकी शाळेच्या विजयमालाबाईंचं नाव घातलं. हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि निम्मे शिक्षक पेंगत होते. कोरोनाच्या काळात फळ्याचे फोटो ग्रुपवर टाकले होते ते सगळ्यांनीच, त्यामुळे यात नवीन काय, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं.

शिकवायला आलेल्या राजेश्वरी मॅडम बारीक आवाजाच्या होत्या. "धडा पाठवला म्हणजे शिकवलं असं होत नाही," त्या म्हणाल्या. "दूर बसलेल्याला शिकवायचं तर दोन गोष्टी बघा. तो कुठं बसलाय, कशात गुंतलाय, हे आधी बघा. आणि त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत परत येतंय का, ते बघा. उत्तर आलं नाही तर तुम्ही भिंतीशी बोलताय."

विजयमालाबाईंनी दुसरी गोष्ट मनात पक्की धरली. पहिलीकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. शेंडग्यांची पोरं कुठं बसतात ते आपल्याला माहीत आहे, असं त्यांना वाटत होतं.

*

रोज अकराला धडा जायचा. फळ्यापुढं उभं राहून बाई बोलायच्या, वस्तीवरचीच एक मुलगी फोन धरायची. धडा उघडला की खुणा निळ्या व्हायच्या. थोड्या वेळानं अर्जुनाच्या नंबरावरून अंगठ्याचं चित्र यायचं. एकही दिवस चुकला नाही.

केंद्राच्या बैठकीत नानासोंनी बाईंना उभं केलं. "शेंडगेवस्तीची पोरगी आज कुठंतरी कराडच्या पलीकडं असेल, आणि तिची शाळा चालू आहे. टाळ्या वाजवा." टाळ्या झाल्या. बाईंनी फोन वर करून निळ्या खुणा दाखवल्या.

संक्रांतीला त्या माहेरी, कडेगावला गेल्या. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायला माणातले मेंढके आलेत, असं वडील म्हणाले. लेंडीखत पडलं की पुढचं पीक जोमात येतं, म्हणून तिकडचे बागायतदार आग्रहानं त्यांना बोलावून घेतात. बाईंनी चौकशी केली. तळ अर्जुनाचाच निघाला. ओढ्याच्या अंगाला, दोन शेतं सोडून.

पाचटाच्या ढिगाआड वाघर लावली होती, म्हणजे दोऱ्याच्या जाळीचं कुंपण. त्यात कोकरं होती, आणि कोकरांत राणी. एक अशक्त कोकरू मांडीवर घेऊन ती त्याच्या तोंडात दुधाचं बोट घालत होती. थंडीनं तिच्या गालांची सालं निघाली होती. बाईंना बघून ती उठली, मग परत बसली. कोकरू सोडता येत नव्हतं.

"राणी, कालचा धडा सांग बरं."

राणीनं आईकडं बघितलं.

"परवाचा? तो झाडांचा?"

राणीनं मान खाली घातली. बाईंनी जवळच्या पुडक्याचा कागद उचलून तिच्यापुढं धरला. तिला पहिला शब्द लागला, दुसरा लागला, तिसऱ्यावर ती थांबली आणि कोकराचे कान कुरवाळत राहिली.

"फोनवर ऐकत नाहीस तू?"

"कुठला फोन?" राणी म्हणाली.

दिवस मावळायला अर्जुना मेंढरं घेऊन आला. बाईंना बघून त्याला मनापासून आनंद झाला. "आवं बाई! त्यो झाडाचा धडा लय झकास झाला. मुळं पाणी वढत्यात, पानं सैपाक करत्यात. आन् सातचा पाढा तुमी जरा भराभरा म्हणला. मला तीनदा ऐकावा लागला." आणि काठीवर हनुवटी टेकून त्यानं सातचा पाढा म्हणून दाखवला. एकाही घराला चुकला नाही.

धोंडुबाई चुलीपुढून उठली. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "बाई, तुमची शाळा ह्येनीच केली की वो!"

बाई हसल्या नाहीत. सकाळी उजाडायला अर्जुना मेंढरांमागं जायचा, फोन त्याच्या बंडीत. राणी दिवसभर कोकरांपाशी. संध्याकाळी फोन येईपर्यंत बॅटरी संपलेली. त्यानं धडा ऐकवला नाही म्हणावं तर त्यानं कळवलंही खोटं नव्हतं. धडा त्यानं खरोखरच ऐकला होता.

"फोन राणीजवळ ठेवून जाता नाही येणार?"

"मग फुडलं रान कोण सांगंल मला? उद्या कुणाच्यात बसायचं ते फोनवरच ठरतंय. लांडगं आलं तर हाक कुणाला मारू?" अर्जुनाचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुमी माझ्यासाठीच धाडताय. घरात एकानं तरी शिकावं म्हणून."

बाई उठल्या. स्कूटी लावलेल्या बांधाकडं जाताना त्यांना गाणं ऐकू आलं. खोगिरावर एक लहान काळा डबा टांगलेला होता. त्यातून धनगरी ओव्या वाजत होत्या, ढोलासकट. मघापासून त्या वाजतच होत्या. बाईंच्या कानांवर आता पडल्या.

"हा कुठं असतो दिवसभर?"

"ह्यो? कोकरांपशीच," धोंडुबाई म्हणाली. "वाजत असला की कुत्री फिरकत न्हाईत. उन्हावर चार्ज हुतोय."

"यात गाणी कशी भरता?"

"कार्ड हाय त्यात बारकं. आमचं थोरलं भावजी दहिवडीतनं भरून आणत्यात. बाजार झाला की पीठ घिऊन येत्यात न्हवं गाडीवर, तवा."

बाई बांधावरून परत आल्या आणि त्या डब्यापुढं उभ्या राहिल्या.

*

पुढच्या बैठकीत त्यांनी नानासोंना सगळं सांगून टाकलं. हॉल हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "बापाला चौथीचा दाखला द्या." नानासो हसले नाहीत, पण चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, यापुढं निळ्या खुणा मला दाखवू नका. पोरगी दाखवा."

बाईंनी आधीचे सगळे धडे पुसले. फळ्यापुढं उभं राहून बोललेलं काही कामाचं नव्हतं. ऐकणारीला फळा दिसणार नव्हता, हात दुधात आणि लोकरीत असणार होते. त्या खुर्ची बाजूला सारून खाली बसल्या आणि राणी समोर बसली आहे असं धरून बोलायला लागल्या. "राणी, पुस्तक गुडघ्यावर घे. पहिली ओळ आपण दोघी वाचू." एक ओळ. मग शाळेच्या घंटेचा एक टोला. "घंटा झाली. डबा बंद कर. पुस्तक मीट. काय वाचलंस ते शेजारच्याला तुझ्या शब्दांत सांग आणि त्याला एक प्रश्न विचार. मगच डबा लाव."

शेजारी कोण असणार, तर आई किंवा कोकरं. तरीही बाईंनी ते वाक्य काढलं नाही.

एक धडा, मग एक ओवी, मग पुन्हा धडा, असं कार्ड भरलं. धड्याबरोबर कागद जायचा, त्यावर लिहिण्याची कामं. वाघरीची एक बाजू पावलांनी मोज, चारही बाजू मिळून किती झाली ते लिही. कोकरांत काळी किती, पांढरी किती, फरक काढ. कागद आणि कार्ड अर्जुनाचा थोरला भाऊ तानाजी न्यायचा, पिठाच्या पिशवीतून. तो गाडीला किक मारताना म्हणाला, "बाई, बाजरीचं पीठ हाय. तुमची शाळा पोरींच्या भाकरीत आली तर मला बोल लावू नगा."

तसंच झालं. पहिलं कार्ड पिठात सुटं टाकलेलं होतं. धोंडुबाईनं पीठ मळलं, भाकरी थापली, भाजली. कार्ड अर्जुनाच्या दाढेखाली आलं. संध्याकाळी त्याचा आवाज फोनवर आला, "बाई, आता धडं खायाचं का ऐकायचं, ते ठरवून सांगा."

त्यानंतर कार्ड चिंधीत गुंडाळून लाल दोऱ्यानं पिशवीच्या तोंडाला बांधलं जाऊ लागलं.

पहिली रिकामी पिशवी परत आली तेव्हा बाईंनी ती वर्गातच झटकली. पोरं खोकली. आत एक कागद होता, हळदीचे डाग पडलेला, घडीवर मेंढराचा वास. गणितं निम्मी बरोबर होती. खाली मोडक्या अक्षरात लिहिलं होतं, घंटा मोटी वाजती, घोडं बुजतंय, हाळू वाजवा.

राणीनं बाईंना स्वतःहून लिहिलेली ती पहिली ओळ होती. बाईंनी ती वर्गाला वाचून दाखवली. मग घंटेवर फडकं गुंडाळून टोला दिला.

त्या दिवसापासून वस्तीवरच्या खोलीतही बदल झाला. एका खोलीत चार इयत्ता, बाई पहिलीपाशी बसल्या की चौथी भिंतीला पाठ लावून वेळ घालवायची. आता दुसरा डबा आला, चौथी तो कोपऱ्यात लावून बसायची, घंटा झाली की बंद करायची, एकमेकांना सांगायची, प्रश्न विचारायची. जी पोरं बाईंपुढं तोंड उघडत नव्हती ती डब्यापुढं उघडू लागली. मग ती राणीसाठी स्वतःच धडे बोलू लागली. त्यांच्या बोलण्यात मागं शेळी ओरडायची, वारा घोंगावायचा, कुणीतरी हसायचं. बाई तसंच पाठवायच्या. राणीच्या कागदावरून कळायचं की ते धडे ती परतपरत लावते.

कागदावर आता प्रश्नही येऊ लागले होते. एकदा आलं, धड्यात लिवलंय सांच्याला समदी घरी येत्यात, आमी कुठं यायचं? त्यावर वर्गात बराच वाद झाला. चौथीनं उत्तर पाठवलं, जिथं आई चूल मांडते तिथं.

फेब्रुवारीत अक्षर सरळ झालं. शिमग्याच्या सुमाराला कागद पुरेना, ती पाठीमागं लिहायला लागली.

*

परीक्षा आली तेव्हा तळ अजून कडेगावच्या रानातच होता. मेंढरं सोडून कुणाला माणात येता येणार नव्हतं. नानासोंनी तिकडच्या एका शाळेशी बोलून राणीला तिथं बसवायची परवानगी काढली. "परका मास्तर हवा होता ना तुमच्या पालकाला?" ते बाईंना म्हणाले. "घ्या. आणि मीही येतोय. पोरगी बघायला."

बाईंनी रजा टाकली.

शाळा बागायती गावची, फरशीची, रंगवलेली. राणी आईनं धुऊन दिलेल्या गणवेशात आली होती, केसांना तेल, तरी अंगाला मेंढरांचा वास होताच. ती बाकावर बसली तशा शेजारच्या दोन मुली उठून पुढच्या बाकावर गेल्या. एकीनं रुमाल नाकाला लावला. वर्गावरचे ऋषिराज सर तरुण होते. ते रागावले नाहीत आणि काही बोललेही नाहीत. फक्त राणीजवळची खिडकी उघडली.

राणीनं ते बघितलं. बाहेरून बाईंनीही बघितलं. अर्जुना त्यांच्या शेजारीच उभा होता, पटका नवा, हातात काठी. मेंढरं आज तानाजीकडं होती. अर्जुनानं खिडकी उघडलेली बघितली आणि स्वतःच्या बंडीचा वास घेतला. मग तो भिंतीपासून दोन पावलं मागं सरकला.

लेखी पेपर शांतपणे झाला, सरांनी तो तिथंच तपासला. मग तोंडी. नानासो खुर्चीत बसले. ऋषिराज सरांनी राणीला पुढं बोलावलं आणि तिनं कधी न बघितलेल्या पुस्तकाचं एक पान उघडून दिलं.

"वाच. घाबरायचं नाही."

सुगरण पक्ष्याचा धडा होता. राणी वाचायला लागली. आवाज लहान होता, पहिल्या ओळीला थरथरला. दुसऱ्या ओळीला सरळ झाला. नर सुगरण गवताच्या काड्या आणतो, त्या चोचीनं विणतो, मादीला खोपा पसंत पडला नाही तर दुसरा विणायला घेतो. ती वाचत गेली. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. अर्जुनाची काठी हातातच राहिली, टेकवायची तो विसरला.

तेवढ्यात शाळेची तास बदलल्याची घंटा झाली.

राणी वाक्याच्या मध्यात थांबली. तिनं पुस्तक मिटलं.

ऋषिराज सरांनी नानासोंकडं बघितलं. "अडली वाटतं," ते हळू आवाजात म्हणाले. अर्जुनानं डोळे मिटून घेतले. बाईंचा हात खिडकीच्या गजावर आवळला. फक्त त्यांनाच कळलं होतं काय झालं ते, आणि त्यांना आत बोलायची परवानगी नव्हती.

राणी वर्गाकडं वळली. ज्या मुलीनं नाकाला रुमाल लावला होता, ती सगळ्यात जवळ बसली होती. राणी तिच्याशीच बोलायला लागली, जाळीत बसल्यासारखी, सावकाश.

"सुगरणीचा नर लय कामाचा आसतोय. काडी काडी आणतोय आन् खोपा इणतोय. मादी येती, खोपा बघती. तिला न्हाई आवडला तर त्यो रुसत न्हाई, दुसरा इणतोय. आमची आय वाघर इणती, तसंच. एक गाठ चुकली की उसवायची." ती थांबली. "आता मी इचारते. सुगरण खोपा काटेरी झाडालाच का बांधती?"

मुलीनं रुमाल खाली घेतला. तिला येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं, तेवढा धडा अजून वाचून झाला नव्हता.

"साप वर चढू ने म्हणून!" खिडकीतून आवाज आला, रानात हाक मारावी तेवढा मोठा.

सगळा वर्ग खिडकीकडं वळला.

"आवं, तुमी गप ऱ्हावा की!" राणी म्हणाली. "पोरांना सांगू द्या."

वर्ग हसला, आणि हसणं थांबेना. नानासो तोंडावर हात धरून हसले. ऋषिराज सरांनी पुस्तक उघडून पान शोधलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पुढं तेच लिहिलंय." मग राणीकडं वळून, "पण तू थांबलीस कशासाठी?"

"घंटा झाली न्हवं," राणी म्हणाली. "घंटा झाली की पुस्तक मिटायचं. आपल्या शब्दांत सांगायचं. मग इचारायचं. मग परत लावायचं." तिनं पुस्तक उघडलं, बोट बरोबर त्याच अर्ध्या वाक्यावर ठेवलं, आणि उरलेला धडा शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचून काढला.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"बाईंनी."

"बाई इकडं कुठं होत्या?"

"त्या तिकडंच की, माणात. शाळा पिठातनं येती."

ऋषिराज सरांना त्याचा अर्थ लागला नाही. नानासो उठून खिडकीपाशी आले आणि गजांतून म्हणाले, "विजयमाला मॅडम, पुढच्या बैठकीत तुम्ही बोलायचं. कोण हसतं बघतो. आणि त्या डब्याचं ते सगळं आपल्या केंद्रातल्या पाचवीच्या क्रांतीबाईंना शिकवायला लागा. त्यांनी कालच विचारलंय." मग त्यांनी सरांनी तपासलेला लेखी पेपर वर धरला. एका गुणाकारात चूक होती, बाकी सगळं बरोबर होतं.

राणी आपल्या बाकावर गेली. पुढं गेलेल्या दोघींतली एक मागं आली आणि तिच्या शेजारी बसली. "वाघर म्हणजे काय गं?" तिनं विचारलं.

बाहेर अर्जुना फाटकापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला डोळ्यांवरून पटका फिरवायचा होता आणि ते कुणाला दिसायला नको होतं. बाई स्कूटीजवळ आल्या तेव्हा तो तिथंच उभा होता.

"बाई, सातचा पाढा तिला माझ्यापरीस चांगला येतोय का वो?"

"विचारा तिलाच."

"न्हाई इचारत. सगळ्यांसमोर गप बसवलं मला." तो हसला. काठीनं त्यानं मातीत एक रेघ ओढली आणि पायानं पुसली. "कोकरांचं माझं मी बघतो. धोंडीला म्हणतो, थोडं दीस तू बघ, थोडं मी. आण घेतलीया मी."

राणी शाळेतून धावत आली, पाटी-पुस्तकासकट, वेणी सुटलेली. बापापुढं येऊन थांबली आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

अर्जुनानं तिचं पुस्तक काढून घेतलं, उलटंसुलटं केलं आणि बंडीच्या आतल्या खिशात, फोनशेजारी ठेवलं. वरून हात दाबून बघितला. मग बाईंकडं वळला.

"बाई, पाचवीचं पीठ कवा धाडताय?"